एक पीळ कमी

"टेप," आप्पा वरून म्हणाले आणि हात खाली केला.

मी टेपचं भेंडोळं त्या हातात दिलं नाही. "आधी बाहुबली काय म्हणतोय ते ऐकून घ्या."

"ऐकलं की. टेप दे."

आप्पा पुढच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून उभे होते, कमरेपासून वरचं अंग माळ्यात. खाली मी, आणि माझ्याशेजारी बाहुबली मगदूम. बाहुबली म्हणजे आमच्या भिंतीपलीकडचा वायरमन. नावाला बाहुबली, अंगानं काडी. आई म्हणायची, याच्या आईबापानं पोरगं न बघताच नाव ठेवलं. त्याच्या तळहातावर चिनीमातीचा पांढरा कनेक्टर होता आणि तो कनेक्टर घेऊन तो मघापासून प्रसाद वाटायला आल्यागत उभा होता.

"शिवूअण्णा," तो म्हणाला, "नुसती पिळून टेप मारू नगासा. माळ्यातली वायर जुनी, अल्युमिनियमची. ही नवी तांब्याची. ह्या दोघींचं जमत न्हाई."

"तुझं आणि तुझ्या बायकूचं जमतंय नव्हं? मग ह्यांचंबी जमंल."

आई कॉटवरून हसली आणि मग खोकली. खोकला सुरू झाला की आम्ही सगळे गप्प होऊन तो थांबायची वाट बघायचो. तो थांबला.

"मस्करी न्हाई अण्णा," बाहुबली म्हणाला. "वायर तापती, गार हुती, परत तापती. पीळ सैल पडतोय. कनेक्टर तर लावा, दोन्ही वायरी आपापल्या स्क्रूखाली बसतील. न्हाईतर उद्या सकाळपतोर थांबा, मी मीटरपास्नं अख्खी नवी वायर ओढतो. मधी जोडच नगं."

"आणि आज तिनं काय करायचं? तुझ्या उद्याची वाट बघत श्वास धरून बसायचं?"

ऑक्सिजनचं मशीन त्याच सकाळी आलं होतं, गावातल्या एका मंडळानं वापरायला दिलेलं. दवाखान्यातून आईला घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, आता हेच तिचं नाक समजा. मशीन मागच्या खोलीत लावलं, तर आई म्हणाली मला आत कोंडल्यासारखं होतंय, दारापाशी न्या. पुढच्या खोलीत धड प्लग नव्हता. म्हणून हा सगळा खटाटोप.

"कस्तुरे, टेप देतीस का उतरू खाली?"

दिली. काय करणार?

आमचे आप्पा वहिफणी कामगार. इचलकरंजीत हा शब्द कुणालाही विचारा. मागावरचं बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा भलामोठा रूळ, संपत आलं की त्याच्या सुताची टोकं नव्या बीमाच्या टोकांना जोडायची, एकेक करून, हजारो. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. दोन टोकं बोटांच्या चिमटीत धरायची, खडूच्या भुकटीत बुडवलेल्या बोटांनी एक पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं. एवढंच. आप्पांचा हात इतका चालायचा की बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत. मालक लोक त्यांच्यासाठी माग थांबवून ठेवायचे. 'माझ्या हातचा जोड सुटत न्हाई,' हे त्यांचं वाक्य आम्ही जेवणाइतकं ऐकलेलं. माझं लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हा सगळे रडले, आप्पा तेवढे म्हणाले, "सुटायचाच हुता. तो जोड मी न्हवता लावला, तिच्या मामानं लावला हुता." मला हसू आलं होतं. त्या दिवसांत मला हसवणारे तेवढेच होते.

त्यांनी टेप गुंडाळली, खाली उतरले, बटण दाबलं. मशीन घुर्रर्र करून सुरू झालं. आईच्या नाकातल्या नळीतून हवा आली. आप्पांनी बाहुबलीकडं बघून भुवई उडवली.

"लागला का न्हाई?"

"लागला की," बाहुबली म्हणाला. "लागतोय ओ. टिकतोय का, एवढंच म्हणत हुतो." त्यानं कनेक्टर खिशात टाकला आणि गेला.

आमचं घर आणि दुसऱ्या बाजूची मागाची शेड यांच्यात एकच भिंत. खटक-खटक, खटक-खटक, सकाळपासून. त्या आवाजात आम्ही आयुष्य काढलं. आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही, प्रेमाचं बोलणंही ओरडूनच चालतं. लाईट गेली की गंमत व्हायची. सगळे माग एकदम बंद पडायचे आणि अख्ख्या गल्लीत जे कोण जे काय ओरडत असेल ते तसंच उघडं पडायचं. एकदा आई आप्पांच्या बहिणीला काहीबाही बोलत होती, नेमकी लाईट गेली आणि आत्या दारात उभी. पुढं सहा महिने दोघींचं बोलणं बंद होतं.

आई त्या शेडांतच आजारी पडली. लग्न होऊन आली तेव्हा शेतावरची धडधाकट पोरगी होती. आप्पांनीच तिला कांड्यांवर सूत भरायच्या कामाला लावलं. कापसाची धूळ तिथं डोळ्याला दिसायची नाही, उन्हाची तिरीप आली की दिसायची. वीस-बावीस वर्षं ती धूळ तिनं ओढली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून दाखवला तेव्हा आप्पा तो हातात घेऊन उजेडात धरून बराच वेळ बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. पण ते फोटो खाली ठेवेनात.

मशीन आल्यावर मात्र घरात जरा जीव आला. आई दाराशी पडून गल्ली बघायची, भाजीवाल्याशी नळी लावूनच भांडायची. मी एका गारमेंटमध्ये शर्टाच्या कॉलरी शिवायला जायचे. दुपारच्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचे, तिला भरवायचे आणि परत जायचे. दारातूनच ओरडायचे, "आई, आलो गं!" आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात. ती विचारायची, "आलास व्हय माझ्या राजा?" मग माझं दमणं पळायचं.

उन्हाळा लागला. माळ्यावर पत्रा, पत्र्यावर ऊन. आप्पांनी आईसाठी जुना कूलर आणला आणि त्याच वायरीवर तोही लावला.

एका रविवारी आम्ही तिघं घरात होतो. जेवायला बसणार तेवढ्यात मशीन थांबलं आणि टीं-टीं करायला लागलं. कूलरही थांबला. डोक्यावरचा पंखा चालू होता, तो जुन्या लाईनवरचा. आईनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला सांगता येत नाही. मी धावत जाऊन अडीअडचणीसाठी कॉटच्या पायथ्याशी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. त्याचा नॉब इतका जाम असायचा की मला दोन्ही हातांनी, दात खाऊन फिरवावा लागायचा. फिरला एकदाचा. आईचं तोंड परत माणसात आलं.

आप्पा तोवर स्टुलावर चढले होते.

"काय झालंय?" मी ओरडले.

"काय न्हाई. जरा ढिला झालाय."

"ढिला? तुमचा जोड ढिला होतो होय?"

आप्पा टेप सोडवायला लागले.

"मी बाहुबलीला बोलावते."

"बोलाव," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "बोलाव त्याला. आणि मला सांग, आप्पा म्हातारं झालासा, हात गेला तुमचा."

"असलं कुणी म्हणालंय का? वायरीचं काम वायरवाल्यानं करावं, एवढंच म्हणतेय मी. तुम्ही सुताचे राजे असाल. ही वायर आहे!"

मी तोंडाची तिखट आहे. राग आला की मला थांबता येत नाही. पण आप्पा स्टुलावरून वाकले आणि आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलले. त्या खटक-खटकीत ते मला ऐकू आलं कसं, कुणास ठाऊक.

"कस्तुरे, ह्याच हातानं धरून तिला शेडात नेली मी. आता ह्या हातानं तिच्यासाठी एवढं तरी करू दे की."

माझा राग तिथंच बसला. मी स्टूल धरून उभी राहिले.

त्यांनी काळ्या आणि तांबड्या वायरीचे दोन्ही जोड उघडले, वायरी पुसल्या. आधी काळी पिळली, खालून मला बोटं दिसत होती, त्यांचा एक ठेका होता. मग तांबडी घेतली. आई सिलिंडरवर होती, बोलायला तिला एकेक शब्द गोळा करावा लागत होता. तरी बोललीच.

"अवो... या की आता खाली. पडशीला. भाकरी... गार व्हायलीया."

"आलो, आलो."

टेप मारली, उतरले. मशीन सुरू झालं. आम्ही जेवलो. आईनं त्या दिवशी चांगली अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. आप्पा सकाळी दोन गल्ल्या पलीकडं एका शेडमध्ये बीम जोडायला गेले, मी गारमेंटला गेले. दुपारच्या सुट्टीत नेहमीसारखी आले. दारातून ओरडले, "आई, आलो गं!"

उत्तर आलं नाही. माग जोरात चालले होते, मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी चपला काढल्या, सायकलची पिशवी काढली. आत पाऊल टाकल्यावर मला तो आवाज आला. टीं. टीं. टीं. घराच्या आत आल्याशिवाय तो ऐकूच येत नव्हता. गल्लीतून कितीतरी माणसं त्या दारावरून गेली असतील.

आई कॉटवरून अर्धी खाली आली होती. नळी नाकात तशीच. एक हात भिंतीवर, प्लगच्या बटणावर. बटण तिनं बंद-चालू करून बघितलं असणार. मशीन बंद पडलं की मी तसंच करायला शिकवलं होतं तिला. दुसऱ्या हाताची बोटं सिलिंडरच्या नॉबला लागलेली. वर पंखा गरगर फिरत होता. तिच्या कपाळावरचे केस त्या वाऱ्यानं हलत होते, म्हणून मला आधी वाटलं, आहे, अजून आहे.

मी तिला वर उचलली, तोंडावर थापट्या मारल्या, शिव्या दिल्या. हो, शिव्या दिल्या मी माझ्या आईला. ऊठ म्हटलं, नाटकं करू नकोस म्हटलं. नॉब फिरवला, नळी सिलिंडरला लावली. सिलिंडर फुसफुसत राहिला. तिनं त्यातलं काही घेतलं नाही.

बाहुबली जेवायला घरी आला होता. मी त्याच्या बाजूच्या भिंतीवर पातेलं आपटलं तेव्हा तो धावत आला. त्यानं आईचा हात हातात घेतला, मग डोळ्यावर हात फिरवला, मग सिलिंडर बंद केला. तो रडत होता. मी नव्हते.

"वर चढ," मी म्हणाले.

"कस्तुरी, आधी अण्णांना बोलावू..."

"वर चढ म्हणते ना!"

तो चढला. टेपला नुसता हात लावला तर ती सुटून आली, आतून करपलेली. तांबडी वायर जोडातून आपली आपण बाहेर लोंबली. अल्युमिनियमचं टोक काळं ठिक्कर आणि ठिसूळ. त्यानं ते बोटानं दाबलं तर तुकडा पडला, माझ्या पायापाशी.

"किती पीळ दिले असते तर टिकला असता?" मी विचारलं.

"तसं न्हाई ते," तो वरूनच म्हणाला. "दहा दे न्हाईतर शंभर दे. तांबं आणि अल्युमिनियम हाय. त्यात कूलरचा लोड. हे सुटणारच हुतं, आज न्हाईतर उद्या." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मी लई सांगितलं ओ त्यांना."

"सांगितलंस."

त्या वेळी माझं डोकं कसं चाललं ते मला अजूनही नवल वाटतं. आई गेली होती, ते माझ्या आत पोचायचं होतं. पण आप्पा येणार, हे मात्र पोचलं होतं. ते येणार, पहिल्यांदा मशीनकडं बघणार, मग माळ्याकडं. आणि मग त्यांचं काय होणार, हे मला लख्ख दिसलं.

"बाहुबली, तुझा कनेक्टर आण. जोडून टाक. मशीन चालू झालं पाहिजे."

"आता? आता कशाला?"

"आप्पा येतील तेव्हा ते चालू पाहिजे. लाईट गेली होती. कळलं? तासभर लाईट गेली होती, मघाशी आली. तू कुणाला काही बोलायचं नाहीस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं बोट केलं, भिंतीकडं. भिंतीपलीकडं माग चालले होते. खटक-खटक, खटक-खटक. त्याला काय म्हणायचंय ते मला दिसत होतं, पण मला ते समजून घ्यायचं नव्हतं.

"आण म्हणते ना," मी म्हणाले. "पाया पडते तुझ्या."

त्यानं कनेक्टर आणला, स्क्रू पिळले. सगळं अगदी थोड्या वेळात झालं, चहा ठेवून प्यायला जितका वेळ लागतो तितक्यात. मशीन घुर्रर्र करून सुरू झालं. मी नळी परत आईच्या नाकात घातली, कानामागून नीट ओढून घेतली. ती हवा तिच्या नाकात जात होती, छाती हलत नव्हती आणि मी तिच्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होते. तो काळा तुकडा मी उचलून मोरीत टाकला.

बाहुबली आप्पांना बोलवायला गेला.

आप्पा पळत आले. त्या वयात पळत. हात पांढरेफटक, कोपरापर्यंत खडू. दारात थांबले. आईकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, वर बघितलं. मग माझ्याकडं.

"आप्पा, लाईट गेली होती," मी म्हणाले. "गल्लीतली. तासभर. मी आले तोवर..."

आणि मग मला रडू फुटलं. इतका वेळ आलं नव्हतं, ते त्या खोट्यावर आलं.

आप्पा तसेच उभे होते. मग त्यांनी मान हलवली.

"व्हय," म्हणाले. "गेली हुती. आमच्या शेडातबी गेली हुती."

मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटावी. आप्पांनी पुढं येऊन मशीन बंद केलं, स्वतःच्या हातानं. नळी काढली. तिच्या गालावर नळीचे वळ उठले होते, ते अंगठ्यानं चोळत बसले. गालावर खडू लागला.

पुढचे दिवस माणसं येत राहिली. प्रत्येकाला आप्पाच सांगायचे, मला तोंड उघडू द्यायचे नाहीत. "काय करणार? लाईट गेली हुती." शेडमधले जोडीदार आले, मालक आले, शेजारच्या शेडमधले आले. सगळे मान हलवायचे. "व्हय व्हय, ह्या लाईटीचं काय खरं न्हाई." मला वाटायचं, चला, पटलं सगळ्यांना.

तेरावं झाल्यावर आप्पा कामावर गेले आणि दुपारच्या आत परत आले. दुसऱ्या दिवशी गेले, तसेच आले. तिसऱ्या दिवशी गेले नाहीत.

"बोटं वळत न्हाईत," म्हणाले. "धागा हातात ऱ्हात न्हाई."

"डॉक्टरकडं जाऊ."

"डाक्टर काय करंल?"

मालक दोनदा माग थांबवून बोलवायला आले. आप्पांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मग ते दाराशी, आईच्या जागेवर बसायला लागले. मी गारमेंटहून आले की तिथंच बसलेले असायचे. मी भांडून बघितलं, लाडीगोडी लावून बघितलं. एकदा तर बरणी आपटून फोडली. त्यांनी काचा गोळा केल्या आणि परत जाऊन बसले.

दिवाळी होऊन गेली होती. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. मी खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होते. आप्पा दाराशी. आणि लाईट गेली.

खटक-खटक एकदम थांबलं. शेजारचं, पलीकडचं, त्याच्या पलीकडचं, पार गावाच्या टोकापर्यंतचं. पंखा फिरत-फिरत थांबला. गल्लीत कुणीतरी ओरडून बोलत होतं, त्याचं 'जेवलास का' उघडं पडलं. मग कुठंतरी भांडं वाजलं, कुठंतरी पोर रडलं.

"ऐक," आप्पा म्हणाले.

"काय?"

"ऐक की."

मी ऐकलं. कबूतरं घुमत होती. शेंग सोलल्याचा आवाज येत होता.

"लाईट गेली की असं हुतं," आप्पा म्हणाले. "त्या दिवशी असं झालं न्हवतं."

माझे हात थांबले.

"मी बीमाला बसलो हुतो. बाजूचं माग धडाधडा चालू हुतं. बाहुबली हाका मारत हुता, मला ऐकू यीना, मग त्यानं येऊन खांद्याला हात लावला. वाटंनं पळताना दोन्ही गल्ल्या चालू हुत्या. दारात आलो, तर ही भिंत चालू. वर पंखा फिरत हुता, कस्तुरे. तू पंखा बंद करायचा इसरलीस."

मूर्ख, मूर्ख, असं मी मनात म्हणत होते. आख्ख्या गावाला कान असतात हे मी कशी विसरले? आणि ती मान हलवणारी सगळी माणसं. त्यांचे स्वतःचे माग चालू होते त्या दिवशी.

"मग हो का म्हणालात?"

"तुझं तोंड बघितलं," आप्पा म्हणाले. "एवढं मरून-मरून सांगत हुतीस. तुला खोटं कसं पाडू?"

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गल्लीकडं बघत म्हणाले, "एक इचारू? खरं सांग."

"विचारा."

"कुठली सुटली? काळी का तांबडी?"

इतके महिने हा माणूस दाराशी बसून एवढंच विचारायला थांबला होता. दररोज मनातल्या मनात स्टुलावर चढत होता, दोन्ही जोड चाचपत होता.

"तांबडी," मी म्हणाले.

"तांबडी." त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच. काळी मी पुरी केली हुती. तांबडीला शेवटचा पीळ द्यायचा आणि तुझ्या आईनं हाक मारली. या खाली, पडशीला. म्हटलं, भाकरी गार व्हायलीया तिची. तशीच टेप मारली." उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्यांनी हवेत धरलं आणि फिरवलं, एकदाच, हळू. "एक पीळ कमी पडला. एकच. व्हय गं?"

बाहुबलीचं बोलणं माझ्या ओठांवर होतं. दहा दे न्हाईतर शंभर दे. ते सांगितलं असतं तर एक पीळ कमी पडल्याचं ओझं उतरलं असतं. पण मग त्यांच्याकडं उरलं काय असतं? आयुष्यभर बोटांवर ठेवलेला भरवसा त्या वायरीला लागूच नव्हता, शेवटचा पीळ दिला असता तरी आई अशीच गेली असती, हे त्या बोटांना कुठल्या तोंडानं सांगायचं? मी त्यांच्या हाताकडं बघत होते. अंगठा आणि बोट अजून हवेत तसंच धरलेलं होतं.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "एकच कमी पडला."

"बाकी जोड चांगला हुता?"

"बाकी चांगला होता."

त्यांनी डोळे मिटले. ते ऐकून त्यांना बरं वाटलं की कायमचं वाईट, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. लाईट आली. माग एकेक करत सुरू झाले, पुढचं काही ऐकू यायचं बंद झालं.

त्यानंतर आप्पा अकरा-बारा वर्षं जगले. काम केलं नाहीच. पण घरात जे काही पिळायचं असेल त्याला त्यांचा एक पीळ जादा असायचा. नळ असा बंद करायचे की मला फडका धरून सोडावा लागायचा. तेलाची बाटली, डब्यांची फिरकीची झाकणं, माझ्या पाण्याच्या बाटलीचं बूच. पिशवीच्या तोंडाला दोरी बांधली की ती कापावी लागायची. मी चिडायचे. "आप्पा, माणसांनी हे उघडायचं कसं?" ते म्हणायचे, "असू दे. सुटाय नगं."

ते जाण्याआधीच्या उन्हाळ्यात मी लिंबाचं लोणचं घातलं होतं. बरणीचं झाकण त्यांनी लावलं. ते मला अजून उघडता आलेलं नाही. बाहुबली घरी आला की म्हणतो, दे, पक्कडीनं चुटकीसरशी काढतो.

मी म्हणते, राहू दे.